स्मरणिकेसाठी दोन पानं

कमिटी म्हणाली, गायनशाळेचा इतिहास लिहा,
सव्वाशे वर्षं, दोन पानांत बसवा,
आणि संस्थापकांच्या पगडीतल्या फोटोला जागा सोडा.
मी कपाट उघडलं. कुलूप नव्हतं, सुतळीचा वेढा होता.
आत बारा हजेरीबुकं, तेराव्याचा नुसता पुठ्ठा,
आणि कागदासारखी वाळलेली एक पाल.

पहिल्या बुकात गाणं कुठंच नाही.
प्लेगचं साल. अकरा पोरं.
आईबापाच्या रकान्यात अकरा आडव्या रेघा,
शेवटची जरा घसरलेली,
लिहिणाऱ्याचा हात दमला असावा.
पुढं जोंधळे, चिंच, घासलेट,
गुळाच्या वखारीचं भाडं माफ,
आणि पार तळाला, बारीक बोरूनं:
स्वयंपाकीण, चिमाबाई हेर्लेकर. पगार नाही.

सरदारांच्या बैठकीत ती गायची.
ऐकणारे दार लावून ऐकायचे
आणि सकाळी गंगावेशीत ओळख द्यायचे नाहीत.
वखारीत रात्री एक पोरगं रडलं की दहा रडायची.
तिनं कुणाला गप्प केलं नाही म्हणे,
चुलीपाशी बसून
सगळ्यांना एका सुरात रडायला लावलं.
हे बुकात नाही.
हे दत्तू गुरवानं सांगितलं, त्याला त्याच्या बापानं,
जो वरून सातवी रेघ.

मग तंबोरे आले मिरजेहून, बैलगाडीतून, गवतात गुंडाळून.
वखारीला गुळाचा वास, भोपळ्यांत मुंग्या.
इमाम मुजावर मास्तर तंबोरा उन्हाला धरायचे:
आधी त्यांना जाऊ द्या, मग षड्ज लावू.
भिंतीपलीकडं तालीम.
तिकडं जोर मोजायचे, इकडं विलंबित एकताल,
आणि कधीतरी, वर्षाकाठी एकदा,
समेवर दोन्हीकडून एकदमच ‘हां!’
त्या दिवशी मास्तर शिकवणी लवकर सोडत.

पाचव्या बुकात शेरा: ‘संस्थान विलीन. अनुदान बंद.’
त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं: पेटीचा भाता फाटला आहे.
सहाव्यात सबंध वर्ग तीन महिने गैरहजर.
स्टुडिओत कोरसला रोज दोन रुपये मिळत होते,
इथं उलट आठ आणे फी.
मास्तरांनी नावं कापली नाहीत.
सिनेमा लागला तेव्हा चार आण्याचं तिकीट काढून
काळोखात बसून
एकेका पोरीचा आवाज ओळखत राहिले.

अकराव्या बुकाला चहाच्या रंगाची रेघ आहे.
पंचगंगा शुक्रवार पेठेत आली त्या आठवड्याची.
पेट्या बुडाल्या.
तंबोरे तरंगले, भोपळेच ते,
आणि तालमीतली पोरं छातीभर पाण्यातून
ते डोईवर घेऊन निघाली,
जत्रेत लेकराला खांद्यावर घेतात तसं, जपून, वर धरून.
एक जण मला म्हणाला, सर, हे लई हलकं हाय की ओ,
आमाला वाटलं गाणं जड असतंय.

आता फोटोचं.
पगडी छापायची तर छापा.
त्यांनी भाडं माफ केलं होतं, ते खोटं नाही.
चिमाबाईंचा फोटो नाही.
सापडली ती एक पावती, पातेल्याला कल्हई लावल्याची,
तिच्यावर निळा अंगठा.
ती छापा, असं मी लिहून दिलं आहे.
कमिटी ‘बघू’ म्हणाली.

आणि एक गोष्ट, इतिहासात बसते की नाही ठाऊक नाही.
छापखाना जुन्या बुकावरून नवं छापत आला,
म्हणून हजेरीशेजारी आजही एक रकाना आहे: ‘जेवण’.
नव्वद वर्षं कोरा.
मीही सतरा वर्षं तो ओलांडून पुढं सही करत आलो.

आज साडेसहाला एक मुलगा उशिरा आला,
पाठीवर कीबोर्ड, घामाघूम.
का उशीर, असं विचारायचं होतं.
तोंडातून निघालं,
जेवलास काय रे?
तो गडबडला.
नाही सर, ट्यूशनवरनं डायरेक्ट आलोय.

मी पेन उघडं धरून बसलो आहे.